मागुतीच्या वाळवंटातून: मिठाच्या तांड्याचे 9 दिवस

दिवस 1, आगर

मीठ भरायचं काम आज उरकलं. 40 बैल, 80 गोण्या, गोणीत दीड मण, म्हणजे सगळं मिळून 120 मण. नवं मीठ चांदव्याला 3 मण मिळत होतं, तरी घेतलं नाही. नव्या ढिगातून कडू पाणी निथळत असतं. असलं मीठ दमट हवेत पाझरतं, गोणी भिजते, बैलाची पाठ सोलवटते. एक पावसाळा झापांखाली काढलेलं, खडखडीत वाळलेलं जुनं मीठ चांदव्याला 2 मण या भावानं उचललं. 60 चांदवे रोख मोजले. माझी हुंडी कुठलीच पेढी घेत नाही, त्यामुळे सगळा व्यवहार रोखीनं.

चव मी घेत नाही, पोरगा घेतो. तेरा वर्षांचा आहे, पण त्याची जीभ फसत नाही. त्यानं तीन ढिगांतले तीन खडे चोखले, डोळे मिटून थांबला, थुंकला आणि मधल्या ढिगाकडे बोट केलं. "हे घ्या आक्का. मागून कडवट राहत नाही."

मी हाकारीण आहे. मेलेल्यांना हाक मारते. दर हाकेमागे एका पदार्थाची चव जिभेवरून कायमची जाते, आणि कुठली जाणार ते आधी कळत नाही. आजवर 52 हाका झाल्या. पहिल्या हाकेला मध गेला, सातव्या हाकेला मीठ. यादी या वहीच्या शेवटच्या पानावर आहे.

दुपारी धक्क्यावर दोर आवळताना एक डोणीवाला सहज बोलून गेला, "वरच्या गढीवरच्या आईसाहेब गेल्या म्हणे. तेहतीस दिवस झाले." मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. मी गाठ पुरी मारली, मग दुसरी गोणी घेतली.

मेलेला माणूस पहिल्या जोडअमावस्येपर्यंत हाकेच्या टप्प्यात असतो. थोरला आणि धाकुटा, दोन्ही चंद्र एकाच रात्री बुडाले की संपलं. ती रात्र आजपासून सातवी. नेहमीची कण्यावरची वाट 11 दिवसांची आहे आणि गढीला वळसा घालून जाते. मागुती नदीच्या पात्रातून गेलं तर 9 दिवस लागतात, आणि सातव्या दिवशी तांडा बरोबर गढीच्या पायथ्याशी येतो.

नाईकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बैलाच्या कानामागं खाजवत राहिले. "बाई, जोडअमावस्येला मागुती उलटते. पात्रात जनावरं असली तर?"

"बेटावर चढवू."

"तुम्ही म्हणता तर जाऊ," म्हणाले. कारण विचारलं नाही. त्यांना कळलं असावं.

दिवस 2

खाडीच्या कडेनं 4 कोस. चिखल, डास. दोन बैलांचे पट्टे नव्यानं आवळले. लिहिण्यासारखं बाकी काही नाही.

दिवस 3, घाटमाथ्याची चौकी

चढण सगळी दगडी. बैल शेजाऱ्याची गोणी चाटत चालतात. मिठाच्या तांड्याला हा त्रास कायमचाच. अंतर ठेवून हाकावं लागतं, म्हणून 40 बैलांची रांग एका वळणापासून चौथ्या वळणापर्यंत पसरते.

चौकीवर जकात गोणीमागं 1 तांबडी. तडीपार माणसाला दीडपट. 80 गोण्यांच्या 120 तांबड्या, म्हणजे साडेसात चांदवे. कारकुनानं माझ्या मनगटावरचा डाग पाहिला आणि वर न बघता दुसरी वही उघडली. अकरा वर्षांत या वहीची सवय झाली आहे.

संध्याकाळी एक बाई आली. तिचा नवरा बैलवाला. वीस दिवसांपूर्वी घाटातून जनावरासकट खाली गेला. त्याच्याजवळ 150 चांदव्यांची दर्शनी हुंडी होती आणि ती सापडत नव्हती. हुंडी मिळाली तर सावकार दारातून हटतील, नाहीतर घर जाईल.

हाक कशी मारतात याबद्दल लोकांच्या मनात भलतंसलतं भरलेलं असतं. हाडं लागत नाहीत, रक्त लागत नाही. लागतो तो तराजू, आणि मेलेल्याशी उघडं राहिलेलं खातं. ज्याचा तुमच्याशी हिशेब मिटलेला आहे तो येत नाही, कितीही रडा. म्हणून आधी तासभर बसून खातं काढावं लागतं. या बाईनं माल घ्यायला नवऱ्याला आपले चांदीचे वाळे दिले होते, आणि ते परत आले नव्हते. तेवढं पुरेसं होतं.

मी तिला बजावलं. सगळ्यांनाच बजावते. "कामाचा प्रश्न शेवटी विचारा. मनातलं काय ते आधी."

तराजू टांगला. दोन्ही पारडी रिकामी. मी खातं मोठ्यानं वाचलं: "तुझ्या नावे वाळे एक जोडी, घेतले पेरणीच्या आधी, परत नाहीत." तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा डावं पारडं खाली बसलं. रिकामं पारडं खाली जाताना बघणं मला अजून सोपं झालेलं नाही. आवाज पारड्याच्या बाजूनं येतो. नेहमीचाच, ओळखीचा आवाज, फक्त त्यात श्वास नसतो. कितीही लांब वाक्य असलं तरी माणूस दम घ्यायला थांबत नाही.

बाईनं घाईनं आधी हुंडीचंच विचारलं. सावकारांनी तिला तेवढं भेदरवलं होतं. तो म्हणाला, "पालाणाच्या डाव्या शिवणीत मेणकापडात गुंडाळून ठेवलीय ती मोडून आधी वाळे सोडव मग बाकीच्यांचं बघ." एका दमात, किंवा दमाशिवाय. आणि सांगून झाल्याबरोबर पारडं वर गेलं. त्याचं देणं फिटलं होतं.

"पडताना भीती वाटली का हो?" बाईनं विचारलं तेव्हा दोन्ही पारडी सारखी होती.

ती बराच वेळ तिथंच बसून होती. मीही बसले. मी शेकडा 2 घेते. पालाण उसवून हुंडी हाती आल्यावर तिनं 3 चांदवे कुणाकडून तरी आणून मोजून दिले आणि मी घेतले.

रात्री पोरग्यानं नेहमीप्रमाणे एकेक जिन्नस पुढं केला. लिंबू गेलं. त्रेपन्न.

दिवस 4

पाऊस. अवेळी आणि सरळ. घोंगड्या, झापं, आमची पांघरुणं, सगळं गोण्यांवर घातलं आणि आम्ही भिजत बसलो. तरी 2 मण विरघळून गेलं असावं. मीठ जातं तेव्हा आवाज येत नाही, गोणी फक्त ढिली पडते.

दिवस 5, उतार

आज उतरणीच्या शेवटच्या वळणावरून ती जमीन दिसली. काळी, लांबट, मधून ओढा, टोकाला गढी. बुरुजावरचं पिंपळाचं रोप आता झाड झालं आहे. पोरगा विचारत नव्हता, पण तिकडंच बघत होता. म्हणून चालता चालता त्याला सगळं सांगितलं. इथंही लिहून ठेवते, कारण माझं नाव जिथं होतं त्या वहीत आता काट आहे.

मी एकोणीस वर्षांची होते. ओढ्यालगतची जमीन एका कुळाची होती. ते कूळ मेलं, आणि त्याच वर्षी बांध सरकला. आमच्या बाजूनं सरकला, म्हणजे जमीन आमच्यात आली. कुळाचा मुलगा दहा वर्षांचा, त्याला कोण विचारणार? मला हाक मारता येते हे तेव्हा फक्त आईसाहेबांना ठाऊक होतं. आज्जीकडून आलेली विद्या. त्या कुळानं मला लहानपणी पोहायला शिकवलं होतं आणि त्याबद्दल मी त्याला कधी काही दिलं नव्हतं. खातं उघडं होतं. मी हाक मारली, तो आला. म्हणाला, निशाणीचा दगड ओढ्यापासून चाळीस पावलांवर होता.

हेच मी चावडीवर सगळ्यांसमोर त्याच्याकडून वदवलं. पंचांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, दगड कुठंय? कायदा असा, की मेल्याची साक्ष एकटी उभी राहत नाही, तिला वस्तूचा टेकू लागतो. हा कायदा मला तेव्हा अन्यायाचा वाटला होता. आता वाटत नाही. खोट्या आवाजात बोलणाऱ्या हाकारणी मी नंतर डोळ्यांनी पाहिल्या आहेत, आणि त्यांनी बुडवलेली घरंही. पण दगड कुठं गेला ते त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. तो मेल्यानंतरची गोष्ट त्याला कशी कळणार? माझे भाऊ दादासाहेब म्हणाले, असा दगड नव्हताच. मी खोटी ठरले. शिक्षा: या भूमीच्या मातीला पाऊल लागायचं नाही, वहीतून नाव खोडायचं, आणि माझी हुंडी, माझी जामिनकी कुणी घ्यायची नाही.

त्या सकाळी आईसाहेबांनी मला एवढंच सांगितलं होतं, "कोठीतून मापटंभर मीठ आण." मी कोठीत गेले. कोठीचं मागचं दार उघडं होतं आणि समोर चावडी भरत होती. मी हातात रिकामं मापटं घेऊन तशीच तिकडं गेले. परत स्वयंपाकघरात जाणं झालंच नाही. आईसाहेब शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, ना चावडीवर, ना नंतर. निरोप नाही, माणूस नाही.

ते मापटं अजून माझ्याजवळ आहे. आणि माझ्या वहीत अकरा वर्षं एक ओळ आहे: आईसाहेब, मीठ मापटंभर, देणे. शंभर वेळा कुणाच्या हाती पाठवता आलं असतं. मुद्दाम पाठवलं नाही. एक खातं उघडं राहावं म्हणून.

दिवस 6, पात्र

वाहत्या पाण्याला धनी नसतो. हा सगळ्या मुलखांचा कायदा, आणि तो माझ्या शिक्षेपेक्षा जुना आहे. पात्रातली वाळूही पाण्याचीच. म्हणून आज दिवसभर वाळवंटातून चाललो, घोट्याएवढ्या पाण्यातून. दोन्ही काठांना माझीच माती. उजव्या काठावर बायका होत्या. त्यातली एक म्हातारी उठून उभी राहिली आणि हात कपाळाशी नेला. ओळखलं असेल किंवा ऊन लागत असेल.

बैलांना वाळू जड जाते. 3 कोसच झाले.

दिवस 7, जोडअमावस्या

दुपारी गढीखालच्या डोहाशी पोचलो. डोहाच्या मधोमध वाळूचं बेट आहे, तिथं बैल चढवले आणि गोण्या उतरवल्या. इथंच मी पोहायला शिकले. पलीकडं धुण्याच्या पायऱ्या. चार पाण्याबाहेर, बाकीच्या आत. गढीतून कुणी खाली आलं नाही. वर एका खिडकीत दिवा होता, तो लवकर मालवला गेला.

माझं ठरलेलं होतं. आधी बोलायचं, पोटभर. मग शेवटी मीठ ओतायचं, देणं फेडायचं आणि त्यांना जाऊ द्यायचं. उघड्या खात्यानिशी जोडअमावस्या उलटली तर मेलेलं माणूस या काठालाच अडकून राहतं. हाक लागत नाही आणि पुढं जाताही येत नाही. आईला तसं ठेवायचं नव्हतं.

दोन्ही चंद्र बुडाल्यावर तराजू टांगला. मापटं मिठानं भरून शेजारी ठेवलं. खातं वाचलं. एकदाच वाचावं लागलं.

"किती वाळलीस," आईसाहेब म्हणाल्या.

नाईक आणि पोरगा पाठ करून बसले होते. मी सांगितलं नव्हतं तरी.

मी काय काय ठरवून आले होते. जन्मभराचं. त्यातलं काही सुचलं नाही. तोंडून निघालं ते एवढंच, "मीठ आणलं आहे. त्या दिवशी आणायचं राहिलं."

"कसलं मीठ रांजण गळ्यापर्यंत भरलेला होता घरात पाहुण्यांना पुरून उरलं असतं एवढं मीठ होतं तुला कोठीत पाठवलं कारण मागचं दार मी उघडून ठेवलं होतं."

मी ऐकत राहिले. अकरा वर्षं मला वाटत होतं की मी त्यांना न विचारता त्या दारातून गेले.

मग हात थरथरत होते म्हणून असेल, किंवा आणखी ऐकवेना म्हणून, मी मापटं उचललं आणि मीठ वाहत्या पाण्यात ओतलं. देणं फिटलं. पारडं वर जायला हवं होतं.

गेलं नाही. तसंच खाली, जड.

मी वही दिव्याशी धरली. ओळ वाचली, परत वाचली. रांजण भरलेला असेल तर मीठ मागितलंच नव्हतं. मागितलंच नव्हतं तर ते माझं देणं नव्हतं. मग आईसाहेब आल्या त्या कुठल्या खात्यावर? माझ्या हातून इतक्या वर्षांत असली चूक कधी झाली नाही. खातं होतं, फक्त मी ते उलट्या बाजूला मांडलं होतं. देणेकरी त्या होत्या.

"आईसाहेब," मी म्हणाले, "दगड कुठं आहे?"

कामाचा प्रश्न शेवटी विचारावा, हे मीच लोकांना बजावते.

"मीच टाकायला सांगितला होता तुझ्या दादानं आणला तेव्हा फोडायला निघाला होता मी म्हटलं पायरीला होईल धुण्याच्या पायऱ्यांतली सगळ्यांत खालची पालथी घातली आहे निशाणी खाली आहे आज पाणी उलटलं की उघडी पडेल चावडीवर मी बोलले असते तर माझा मुलगा गेला असता बोलले नाही तर माझी मुलगी गेली."

पारडं वर गेलं. सावकाश नाही, एकदम, दोरी हलेल इतकं. मी "आई" म्हणाले ते दोन्ही पारडी सारखी झाल्यावर.

दिवस 8

मध्यरात्रीनंतर मागुती उलटली. समुद्र इथून कोसो दूर, मधे अख्खा घाट, तरी उलटते. आधी पाणी थबकतं, गवताच्या काड्या जागच्या जागी फिरतात, मग सगळं पात्र उगमाकडं सरकू लागतं. आमचं बेट तेवढं वर राहिलं. म्हातारे म्हणतात, गेलेली माणसं वळून एकदा मागं बघतात म्हणून. मी रात्रभर जागी होते आणि मला ते खरं वाटलं.

उजाडताना डोह ओसरला. चारच्या खाली आणखी पाच पायऱ्या निघाल्या, शेवाळानं हिरव्यागार. सगळ्यांत खालची इतरांपेक्षा अरुंद आणि लांब. पात्रातच होती, काठावर नव्हती, त्यामुळे मी स्वतः जाऊ शकले. पहारी घालून उपटताना नाईकांचं नख गेलं, त्यांनी बघितलंही नाही. दगड उलटा झाला. चिखल पुसला. खाली कोरलेला विळा आणि तीन आडव्या रेघा, कालच कोरल्यासारख्या धारदार.

पाणी दुपारपर्यंत परत फिरणार, तोवर पात्रातून बाहेर पडायला हवं होतं. इतका जड दगड बैलाच्या पाठीवर एका बाजूला लादता येत नाही. वाहून आलेल्या दोन खोडांची घसरती चौकट बांधली आणि दोन बैल जुंपले. त्या दोघांच्या चार गोण्या, 6 मण मीठ, बेटावरच ठेवलं. काठावरच्या बायकांना पोरग्यानं ओरडून सांगितलं, घेऊन जा. परवाची म्हातारी सगळ्यांत आधी पाण्यात उतरली.

बुरुजावर एक माणूस उभा होता. इतक्या लांबून चेहरा दिसत नाही, पण उभं राहण्याची ढब दादासाहेबांची. आम्ही दगड ओढून वळणाआड जाईपर्यंत तो तिथंच होता. ओरडला नाही, माणसं पाठवली नाहीत. मी वळून एकदा पाहिलं.

रात्री जिन्नस चाखले. गूळ आहे, चिंच आहे, दूध आहे. पोरग्यानं सगळं मांडून संपवलं तरी काही गेलेलं सापडेना. मग तहान लागली म्हणून तांब्या तोंडाला लावला. पाण्याला चव असते हे ती गेल्यावर कळतं. चोपन्न.

दिवस 9, वरची जत्रा

मीठ चांगलं गेलं. वर भाव चांदव्याला एक मण. 112 मण भरलं. पावसानं 2 घेतलं हा अंदाज बरोबर निघाला. एक व्यापारी मापानं मागत होता, त्याला नाही म्हटलं. जाड खडा मापात पोकळ बसतो, माझा फायदा झाला असता, पण पुढच्या वर्षी तो माझ्याकडं आला नसता. वजनानं दिलं.

कुळाचा मुलगा इथंच हमाली करतो हे मला चार वर्षांपासून ठाऊक होतं. कधी समोर गेले नव्हते. आता एकवीस वर्षांचा आहे, खांद्याला घट्टे, बापासारखं रुंद कपाळ. मी कोण ते सांगितलं आणि चौकटीवरचं घोंगडं काढलं.

तो खाली बसला. विळ्यावरून बोट फिरवलं, मग तिन्ही रेघांवरून, एकेक करून. पंच बसवावे लागतील, दादासाहेब सहजी सोडणार नाहीत, दोन वर्षं तरी जातील. हे सगळं मी त्याला सांगितलं. मी पात्रातून काढला याची साक्ष नाईक देतील, पोरगा देईल. माझी साक्ष चालणार नाही, पण दगडाला माझी गरज नाही. तो मान हलवत होता, ऐकत होता की नाही कळलं नाही.

मग उठला, कनवटीची पुरचुंडी सोडली. हमालच तो, ओझं वाहिल्याचा दाम त्याला कळतो.

"भाडं किती झालं आक्का?"

त्यानं तळहातावर तांबड्या ओतल्या होत्या. मी वही उघडली, नवं पान काढलं आणि त्याला त्याच्या बापाचं नाव विचारलं.

"राहू द्या," मी म्हणाले. "मांडून ठेवते."